पेटी, साथ आणि एक राहिलेली कबुली

‘आपल्या भागातलं गाणं’ या विषयावर स्मरणिकेसाठी काही लिही, असा समितीचा निरोप आला तेव्हा मी आधी नकोच म्हणालो. दहावीनंतर गाव सुटलं, तबला सुटला. मी काय लिहिणार? पण २०२४ च्या दत्तजयंतीला अंबडला गेलो आणि त्या रात्रीनंतर लिहिणं भागच पडलं. इतिहास लिहायचा तर खरा लिहावा, आणि त्यातली एक गोष्ट सदतीस वर्षं माझ्याकडेच अडकून पडली होती.

आपली वडीगोद्री बाहेरच्यांना माहीत आहे ती रस्त्यामुळे. बीडहून औरंगाबादला जाणाऱ्या हमरस्त्यावरचं गाव. इथूनच अंबडमार्गे जालन्याची वाट फुटते. १ मे १९८१ ला जालना जिल्हा झाला तेव्हा आपण तिसरीत होतो आणि पाटीवर औरंगाबादऐवजी ‘जिल्हा जालना’ लिहायला शिकलो, हे अनेकांना आठवत असेल. शाळेच्या वेळापत्रकात संगीताचा तास नव्हता. गाणं मिळायचं ते पारावर, एकादशीच्या भजनात. तिथे एक बुवा होते, आठ-दहा टाळकरी होते आणि वर्गणी काढून घेतलेली एक पेटी होती. आपल्या वर्गातले आम्ही तिघं तिथे जायचो. एक पेटीवर, मी तबल्यावर आणि गाणारी आपली मैत्रीण. नावं लिहीत नाही. बॅचमधल्या सगळ्यांना ती कळतीलच.

त्या पेटीचा प्रवास मला फार पुढे कळला. पॅरिसमध्ये अलेक्झांडर दबँ नावाच्या कारागिराने १८४० च्या आसपास हार्मोनियम घडवली, ती पायांनी भाता मारायची. आपण मांडी घालून बसणारी माणसं. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती हाताने भाता ओढायच्या रूपात आणली आणि मग ती देशभर पसरली. महाराष्ट्रात नाटकाने तिला घरोघर नेलं. गोविंदराव टेंब्यांसारख्या वादकांनी तिला मैफलीत मान मिळवून दिला.

पण मोठ्या दरबारात तिच्यावर डागही होता. तिचे सूर पक्के बांधलेले. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड तिच्यावर निघत नाही. या कारणाने १९४० साली आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली. रवींद्रनाथ टागोरही पेटीच्या विरोधातच होते. पुढची तीस वर्षं रेडिओवरच्या गाण्यात पेटी ऐकू येत नव्हती. १९७१ च्या सुमारास ती बंदी सैल झाली. आपल्याकडच्या पारावर या बंदीची खबरही पोहोचली नसावी. दिल्लीने नाकारलेलं वाद्य खेड्यातल्या भजनाने सांभाळलं. कारण साधं होतं. सारंगी शिकायला उमर जाते. पेटीवर शेतकऱ्याचं पोरगं दोन हंगामांत अभंगाला साथ धरू शकतं.

याच मातीतून अप्पा जळगावकर झाले. जालन्याजवळच्या जळगाव नावाच्या खेड्यात १९२२ साली त्यांचा जन्म. पुढे पुण्यात भीमसेन जोशी, किशोरी आमोणकर, वसंतराव देशपांडे अशांच्या मागे त्यांनी साथ केली. २००० साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. २००९ साली ते गेले. साथीदाराचं काम म्हणजे गाणाऱ्याच्या अर्धं पाऊल मागे राहायचं, पण त्याला एकटं पडू द्यायचं नाही. आपल्या भागाने देशाला दिलेलं हे मोठं नाव साथीदाराचं आहे, याचा मला आता विशेष अभिमान वाटतो.

आणि याच भागात अंबडचा दत्तजयंती संगीत महोत्सव. गोविंदराव जळगावकरांनी लावलेलं हे रोप. मोठ्या शहरांच्या संमेलनांना तिकीट लागतं, आपल्याकडे मार्गशीर्षाची थंडी सोसायची तयारी लागे. आपल्या पिढीने शास्त्रीय गाणं समोर बसून ऐकलं ते तिथेच. बुवा मंडळाला दरवर्षी अंबडला नेत. “आपण भजनातलेच, पण सूर कसा लावायचा ते कानांनी बघून यायचं,” असं म्हणत.

डिसेंबर १९८७. आपण दहावीत. त्या वर्षी अंबडला एका घरी मंडळाचं भजन होतं, म्हणून पेटीही सोबत नेली होती. भजन झालं, रात्रभर गाणं ऐकलं आणि पहाटेच्या एसटीने निघालो. पेटी टपावर बांधली होती. फाट्यावर उतरल्यावर मी टपावर चढलो. पेटीवाला मित्र खाली हात पसरून उभा राहिला. तो “थांब” म्हणाला होता. मी झोपेत होतो आणि थंडीने बोटं बधिर झाली होती. त्याने हात लावायच्या आधीच माझी दोरी सुटली. पेटी डांबरावर आदळली. भाता फाटला, आतली फळी तडकली, पितळी पत्त्या रस्त्यावर विखुरल्या.

बुवांनी विचारलं, “कोणाच्या हातून?” मी टपावरूनच म्हणालो, “यानं धरली नाही.”

मित्र माझ्याकडे बघत राहिला. बोलला काहीच नाही. बुवांनी त्याला मारलं नाही. “आता पेटीला हात लावायचा नाही,” एवढंच म्हणाले. वर्षभर तो टाळकऱ्यांच्या मागे बसला. त्या स्नेहसंमेलनात आपल्या मैत्रिणीने गायलेल्या भजनाला पेटीसाठी दुसऱ्या गावचा माणूस आणला होता, हे गुरुजनांना आठवत असेल. तबल्यावर मी होतो. टाळ्याही मिळाल्या. पुढे शिक्षणाला पुण्याला गेलो तो तबला घरीच ठेवून. अभ्यासामुळे सुटला, असं सगळ्यांना सांगत आलो.

२०२४ साली अंबडच्या मंडपात शिरलो तेव्हा गाणं रंगात आलं होतं. सतरंजीवर शाली पांघरलेली माणसं, मागे पोरं आईच्या मांडीवर झोपलेली. पुढच्या बाजूला एक डोकं ओळखीचं वाटलं. सगळे गायकाकडे बघत होते. हा गृहस्थ पेटीवाल्याच्या बोटांकडे. शेजारी आपली मैत्रीण, नातीला घेऊन. तिने मला आधी ओळखलं. पुण्यात इतकी वर्षं काढूनही आपणहून गाणं ऐकायला मी फार थोड्या वेळा गेलो, हे तिथे बसल्यावर जाणवलं.

मध्ये चहाला बाहेर आलो. मित्राचं ऐकून घेतलं. शेती आहे. शिवाय पेट्या दुरुस्त करतो. आजूबाजूच्या गावांतल्या भजनी मंडळांच्या पेट्या त्याच्याकडे येतात. सुरांच्या पत्त्या गुजरातेतल्या पालिताण्याहून येतात, तिथे घरोघर तो धंदा आहे, असं त्याने सांगितलं. दुरुस्ती शिकला कुठे, असं विचारल्यावर म्हणाला, “तीच पेटी. बुवांनी अडगळीत टाकली व्हती. वर्षभर वाजवायला मनाई व्हती, उघडून बघायला नव्हती.”

मग मी सांगितलं. हातातला चहा गार होईपर्यंत सगळं सांगितलं. तो म्हणाला, “मला काय सांगतो लेका? मी खाली उभा व्हतो. दोरी सुटलेली मीच पाहिली.”

“मग तेव्हा बोलला का नाहीस?”

“तू बोलशील म्हणून.” थोडं थांबून म्हणाला, “बुवांना सांगायला पाहिजे व्हतं. त्यायला जाऊन आता बारा वर्षं झाली. जाईस्तोवर माझ्या हाती पेटी देताना म्हणायचे, जपून धर.”

त्याच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं. मैत्रिणीने आम्हा दोघांना आत ओढलं. गाणं सुरू झालं होतं. उरलेली रात्र आम्ही एकाच शालीत काढली, पण पूर्वीसारखं सगळं झालं असं मी लिहिणार नाही.

बुवांना सांगणं आता शक्य नाही. त्यांच्या घरची माणसं, त्या मंडळातले उरलेले टाळकरी आणि आपले गुरुजन ही स्मरणिका वाचतील, म्हणून इथे लिहितो : १९८७ साली फाट्यावर पेटी माझ्या हातून पडली. ज्याच्यावर आळ आला त्याची काही चूक नव्हती.

ती पेटी अजून आहे. तडकलेल्या फळीवर त्याने पत्र्याची पट्टी मारली आहे, भाता दोनदा बदलला आहे. मेळाव्याच्या दिवशी तो ती शाळेत आणणार आहे आणि मैत्रीण गाणार आहे. तबल्याचं मला विचारलं, तर बोटं राहिली नाहीत म्हणालो. “ठेका तं धरशील?” तो म्हणाला. दोन महिने झाले, रोज पहाटे बसतोय. पेटी गाडीतून उतरवताना मात्र खाली मी उभा राहणार आहे.