१४ इंच अधिक ४ इंच

गेल्या शनिवारी सकाळी वजनकाट्यावर उभा राहिलो आणि आकडा दिसला ८९. २०२३ च्या दिवाळीत याच काट्यावर ८२ होता आणि २०२२ च्या जानेवारीत १२१. मधल्या काळात काय झालं हे बऱ्याच वाचकांना ठाऊक नाही, कारण मी इथे कधी लिहिलं नाही. ऑफिसातही हर्नियाचं ऑपरेशन आहे असं सांगून रजा टाकली होती. तर मंडळी, आज कबुली देऊन टाकतो. माझे जठर शस्त्रक्रिया करून लहान केलेले आहे. या प्रकाराला स्लीव्ह म्हणतात. जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग कापून काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची एक नळी शिल्लक ठेवतात.

८९ हा आकडा बघून पहिला विचार आला, गेले पैसे पाण्यात. वडील मधुमेहाने गेले. शेवटची तीन वर्षे त्यांना डायलिसिसला मीच घेऊन जायचो. त्यामुळे काट्यावरचा आकडा माझ्यासाठी नुसता आकडा नसतो. दुसरा विचार मात्र आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या खोडीप्रमाणे आला. ही चूक माझी, की मूळ डिझाइनचीच? डिझाइन समजून घ्यायचं तर आधीच्या आवृत्त्या बघाव्या लागतात. म्हणून सगळा वीकांत या शस्त्रक्रियेचा इतिहास वाचण्यात घालवला. (मी डॉक्टर नाही. पुढे जे लिहितोय तो इतिहास आहे, सल्ला नव्हे. चू.भू.द्या.घ्या.)

जठर कापायची कला जुनीच आहे. १८८१ साली व्हिएन्नामध्ये थिओडोर बिलरोथ यांनी जठराचा कर्करोग झालेला भाग काढून उरलेले जठर आतड्याला जोडले, आणि रुग्ण त्या शस्त्रक्रियेतून वाचली. पण हे सगळे आजारी भाग काढण्यासाठी होते. निव्वळ वजन उतरावे म्हणून धडधाकट आतड्याला हात लावण्याची कल्पना विसाव्या शतकाच्या मध्याची. १९५४ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातल्या क्रेमेन, लिनर आणि नेल्सन यांनी लहान आतड्याचा बराचसा भाग वगळून टाकला तर चरबीचे शोषण कमी होते, हे प्रयोगांनी दाखवले. पुढे १९६९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पेन आणि डीविंड या शल्यविशारदांनी या शस्त्रक्रियेचे नेमके माप सांगितले. लहान आतड्याच्या सुरुवातीचे १४ इंच घ्यायचे, ते शेवटच्या ४ इंचांना जोडायचे आणि मधले सगळे आतडे बाजूला टाकायचे. माणसाचे लहान आतडे साधारण ६ मीटर असते. त्यातले जेमतेम ४५ सेंटिमीटर कामावर ठेवायचे!

यामागचा हिशेब वरवर पाहता बिनतोड होता. माणसाच्या सवयी बदलत नाहीत ना, मग आतडेच बदला. त्याला खाऊ दे हवं ते, अंगी लागलंच नाही तर वजन वाढणार कसं? आणि वजने खरोखर उतरली. पण सोबत जुलाब आले, मूत्रपिंडात खडे आले, सांधेदुखी आली, जीवनसत्त्वांची कमतरता आली आणि काही रुग्णांचे यकृत निकामी झाले. पुढे ही शस्त्रक्रिया बंद पडली आणि कित्येकांची आतडी पुन्हा पूर्ववत जोडावी लागली.

मला यातली सर्वात मजेशीर (मजेशीर म्हणू नये खरं तर) गोष्ट वेगळीच वाटली. सत्तरच्या दशकात काही संशोधकांनी या रुग्णांचे खाणे प्रत्यक्ष मोजले. तेव्हा असे दिसले की वजन उतरण्यात न शोषलेल्या अन्नापेक्षा कमी खाल्ल्याचा वाटा मोठा आहे. पोटभर खाल्लं की हाल होतात हे कळल्यावर माणसे आपोआप कमी खाऊ लागली होती. म्हणजे ज्या शस्त्रक्रियेची सगळी मदार ‘सवय बदलायची गरज नाही’ यावर होती, तीसुद्धा सवय बदलूनच चालत होती. फक्त शिक्षा करून.

दुसरी वाट आयोवा विद्यापीठात सापडली. डॉ. एडवर्ड मेसन (जन्म १९२०, मृत्यू २०२०, पुरे शतक जगलेला माणूस) यांना माहीत होते की अल्सरसाठी जठराचा मोठा भाग काढलेल्या रुग्णांचे वजन काही केल्या वाढत नाही. डॉक्टरांच्या लेखी ही तोवर तक्रार होती. मेसन यांनी ती उलटी वाचली. १९६६ मध्ये त्यांनी जठराच्या वरच्या टोकाला छोटी पिशवी करून ती थेट आतड्याला जोडली. हा पहिला गॅस्ट्रिक बायपास. (आमच्याकडेही असं होतं. एकाचा बग तो दुसऱ्याचं फीचर.)

मेसन तिथे थांबले नाहीत. आतड्याला हात न लावता काम व्हावं म्हणून १९८० मध्ये त्यांनी आणखी साधी रचना केली. जठराच्या वरच्या भागाची छोटीशी पिशवी करायची आणि तिच्या तोंडाशी एक पट्टी बसवायची, म्हणजे तोंड रुंदावणार नाही. दोन घास खाल्ले की पोट भरणार. ऐंशीच्या दशकात ही शस्त्रक्रिया फार लोकप्रिय झाली.

मग १९८७ साली व्हर्जिनियातल्या डॉ. शुगरमन आणि सहकाऱ्यांनी ४० रुग्ण घेऊन तुलना केली, २० जणांना बायपास आणि २० जणांना मेसन यांची पट्टी. शुगरमन हे नाव इथे फारच शोभतं, कारण त्यांनी रुग्णांची विभागणीही गोड खाणारे आणि न खाणारे अशी केली होती! ९ महिन्यांतच फरक एवढा दिसला की पुढची वाटणी थांबवावी लागली. पट्टीवाल्यांमधले गोडखाऊ मागे पडले होते. पट्टी भाकरीला अडवते, मांसाला अडवते, पण आईस्क्रीम आणि मिल्कशेक तिच्यातून सरळ खाली उतरतात. बायपासवाल्यांना मात्र गोडाचा मारा झाला की साखर झपाट्याने लहान आतड्यात उतरायची, छातीत धडधड, घाम, चक्कर, जुलाब. या त्रासाला डंपिंग म्हणतात. त्या धास्तीने बरेच जण गोड टाळायचे.

इथे मी वाचायचा थांबलो. कारण स्लीव्हमध्ये जठराच्या खालच्या टोकाची झडप शाबूत असते. त्यामुळे डंपिंगचा त्रास बायपासपेक्षा कमी, म्हणजे धाकही कमी. आणि पुण्यात मिल्कशेकचा एक थोरला भाऊ मिळतो. त्याला मस्तानी म्हणतात.

आता माझ्या आवृत्तीबद्दल. स्लीव्ह ही मुळात स्वतंत्र शस्त्रक्रिया नव्हतीच, ती एका मोठ्या शस्त्रक्रियेचा एक भाग होती. १९९९-२००० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये मिशेल गान्ये यांनी अतिशय स्थूल रुग्णांना एकदम मोठी शस्त्रक्रिया झेपणार नाही म्हणून आधी फक्त हा भाग दुर्बिणीने करायला सुरुवात केली. पाहतात तो, कित्येकांचे वजन पहिल्याच टप्प्यात भरपूर उतरले. आज जगात हीच सर्वात जास्त केली जाते. आपल्याकडे २०११ मध्ये महाराष्ट्रातल्या एका मोठ्या नेत्यावर वजन उतरवण्याची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा ‘बॅरिएट्रिक’ हा शब्द घरोघरी पोचला. आमच्या आईने तो तेव्हाच ऐकलेला. तिच्या मते हे सगळे श्रीमंतांचे चोचले.

पोट लहान झालं म्हणून भूक कमी होते, एवढंच प्रकरण नाही. २००२ मध्ये कमिंग्ज आणि सहकाऱ्यांनी ग्रेलिन या भुकेच्या संप्रेरकाचे मोजमाप प्रसिद्ध केले. आहार आवळून वजन उतरवलेल्यांत ग्रेलिन २४ टक्क्यांनी वाढले होते. शरीर हरवलेलं वजन परत मागत होतं. बायपास झालेल्यांत मात्र ते फारच कमी होते. नंतरच्या अभ्यासांत आकडे इतके एकसारखे आले नाहीत, पण आतडे मेंदूशी बोलते आणि शस्त्रक्रियेने ते बोलणे बदलते, हे आता पक्के झाले आहे. नुसती डाएट करून मी चार वेळा २० किलो उतरवले आणि चारही वेळा परत मिळवले, ते केवळ माझ्या आळसामुळे नव्हे, हे वाचून डोळ्यांत पाणी आलं. खोटं कशाला बोला.

पण मग ७ किलो परत का आले? याचं उत्तर स्वीडनमध्ये मिळालं. १९८७ पासून तिथे चार हजारांहून अधिक स्थूल लोकांचा अभ्यास चालू आहे. निम्म्यांची शस्त्रक्रिया झाली, निम्म्यांची नाही. २००७ साली जाहीर झालेल्या आकड्यांनुसार शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये १०१ मृत्यू झाले होते, न झालेल्यांमध्ये १२९. म्हणजे शस्त्रक्रियेने आयुष्य वाढते. आता वजनाचा आलेख पाहा. बायपासवाल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत ३२ टक्क्यांनी उतरले आणि दहा वर्षांनी ही घट २५ टक्क्यांवर स्थिरावली. मेसन यांच्या पट्टीत हेच आकडे २५ आणि १६. म्हणजे तळ गाठून आलेख सगळ्यांचाच थोडा वर चढतो.

लगेच माझा हिशेब केला. १२१ वरून ८२ म्हणजे ३२ टक्के. १२१ वरून ८९ म्हणजे २६ टक्के. माझी शस्त्रक्रिया वेगळी असली तरी आलेख शेजारच्या घरातला वाटावा इतका सारखा! जरा हायसं वाटलं. मग लक्षात आलं की ते लोक तिथे दहा वर्षांनी पोचले होते. मी त्याच्या कितीतरी आधी.

चालण्याच्या बाबतीतही इतिहासाने माझे कान धरले. २०१० मध्ये अमेरिकेतल्या एका छोट्या अभ्यासात रुग्णांना शस्त्रक्रियेआधी आणि सहा महिन्यांनंतर विचारले, व्यायाम किती करता? त्यांच्या सांगण्यानुसार व्यायाम पाचपट वाढला होता. अंगावर बांधलेल्या यंत्राच्या म्हणण्यानुसार जवळजवळ काहीच बदल नव्हता. माणसे खोटे बोलत नव्हती. वजन उतरल्यावर हालचाल सोपी होते आणि सोपी झालेली हालचाल आपल्याला जास्त वाटते. २०१२ च्या मोठ्या अभ्यासात पावले मोजली, तर वर्षभरात सरासरी साडेसात हजारांवरून पावणेनऊ हजारांवर गेली होती. पण जवळपास पाव लोक आधीपेक्षाही कमी चालत होते. मी घड्याळातला जुना विदा काढून पाहिला. पहिल्या वर्षी रोज नऊ हजार. गेल्या सहा महिन्यांत चार हजार. विचारलं असतं तर मी छातीठोकपणे आठ सांगितले असते.

सोमवारी आहारतज्ज्ञ बाईंना फोन केला. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान मुलगी, पण एक अक्षर ऐकून घेत नाही. आठवडाभराचं खाणं लिहून पाठवायला लावलं आणि म्हणाली, “सर, तुम्ही जेवत नाही. तुम्ही चरता.”

खरं होतं. ताटात अर्धी पोळीच असते. पण घरून काम करताना दर तासाला चहा, सोबत खारी, चिवड्याची मूठ, मुलीच्या डब्यातली उरलेली चिक्की. मऊ, गोड, कुरकुरीत, सगळं त्या नळीतून सुखाने खाली उतरणारं. चाळीस वर्षांपूर्वी व्हर्जिनियात सापडलेली पळवाट मी कोथरूडमध्ये स्वतंत्रपणे शोधून काढली होती!

तिने नियम तेच सांगितले जे डिस्चार्जच्या कागदावर होते. दिवसातून ठरलेल्या वेळीच खायचं. ताटात आधी प्रथिने: डाळ, उसळ, पनीर, अंडं, दिवसाला किमान ६० ग्रॅम. भाकरी-भात नंतर. जेवताना पाणी नाही, अर्ध्या तासाने. घास चावून चावून. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आयुष्यभर. आठवड्याला किमान १५० मिनिटे व्यायाम, जमल्यास ३००, आणि त्यात दोन-तीन दिवस वजने उचलणे, कारण उतरलेल्या किलोंत चरबीबरोबर स्नायूही गेलेले असतात. नुसतं चालून वजन फारसं उतरत नाही, तासाभराच्या चालण्याला एक मस्तानी भारी पडते. पण उतरलेलं टिकवायला चालणं लागतंच.

यात नवं काहीच नव्हतं. नवा होता तो माझा दृष्टिकोन. मी हा कागद शस्त्रक्रियेची पुरवणी समजत होतो. १४ इंच अधिक ४ इंच या मापापासून आजपर्यंत प्रत्येक पिढीच्या शल्यविशारदांनी ज्याला काही करावंच लागणार नाही अशा रुग्णासाठी डिझाइन करून पाहिलं, आणि तसा रुग्ण त्यांना एकदाही भेटला नाही. ऑपरेशन भूक खाली आणतं आणि थोडा अवकाश मिळवून देतं. त्या अवकाशात काय भरायचं ते कागदावर लिहिलेलं असतं.

काल आईकडे जेवायला होतो. पुरणपोळीचा बेत. ती नेहमीप्रमाणे म्हणाली, “अरे, एवढंसं काय जेवतोस, घे अजून एक.” इतकी वर्षे मी पित्ताचं कारण द्यायचो. काल तिला सगळं सांगितलं, ऑपरेशनपासून ८९ पर्यंत. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “तुझ्या बाबांच्या वेळी असतं हे, तर?” मला उत्तर सुचलं नाही. तिने पोळीचे चार तुकडे केले, एक माझ्या ताटात ठेवला आणि उरलेले तीन डब्यात घालून झाकण लावलं.

असो. रविवारची सकाळ आहे, साडेसहा वाजलेत. वेताळ टेकडीवर जाऊन येतो. घड्याळ चार्ज केलंय.