गरीचं आमिष आणि भूलोकमल्लाचं पुस्तक

आमच्या मंडळातले तीन-चार जण रविवारी पहाटे बेळगावहून निघतात आणि चोर्ला घाट उतरून गोव्याच्या किनाऱ्यावर गरवायला जातात. गेल्या बैठकीत त्यातल्या एकाने खिशातून लहानशी बाटली काढून टेबलावर ठेवली. बूच उघडताच बडीशेपेसारखा उग्र वास खोलीभर पसरला. "आमिषाला लावायचं तेल," तो म्हणाला. "साहेबाच्या देशातली युक्ती. आपल्याकडे हे कुणाला ठाऊक होतं?" त्यावर दुसऱ्याने लगेच सुनावलं, "अरे, गळाच्या मासेमारीवरचं जगातलं पहिलं पुस्तक आपलंच. नऊशे वर्षांपूर्वीचं!" चहा निवला तरी वाद काही मिटला नाही. दोघांचंही म्हणणं अर्धंच खरं आहे, म्हणून हे टिपण.

आधी 'पहिलं कोण' ते बघू. इ.स.च्या दुसऱ्या शतकात किलिकिया प्रांतात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावर, ऑपियन नावाचा ग्रीक कवी होऊन गेला. त्याने समुद्रातल्या मासेमारीवर 'हालिउटिका' हे पाच सर्गांचं काव्य रचलं आणि रोमन सम्राट मार्कस ऑरेलियसच्या काळात ते त्याला सादर केलं. त्यात बोय माशासाठी आमिष दिलं आहे: पिठात विरजलेलं दूध कालवायचं आणि वासासाठी पुदिना मळायचा. बोय म्हणजे गोव्यातला शेवटो. हा मासा चिखलातलं शेवाळ आणि बारीकसारीक कुजकं खाणारा, त्यामुळे पिठाच्या गोळीकडे वळतो. आपल्या खाडीतही बोयीला कणकेची गोळी लावणारे भेटतात. म्हणजे समुद्रातल्या मासेमारीत आमिषाला वास लावायची रीत निदान अठराशे वर्षं जुनी आहे, आणि 'पहिला' हा मान काही आपल्याकडे येत नाही.

आता साहेबाची बाजू. इंग्लंडात आयझॅक वॉल्टनचं गळाच्या मासेमारीवरचं प्रसिद्ध पुस्तक १६५३ साली छापलं गेलं. ते नदीतल्या माशांविषयी आहे. आयव्ही वेलीच्या फळांचं तेल आमिषाला लावावं, गांडुळांच्या पिशवीत कापूर ठेवावा, अशा युक्त्या त्यात येतात. गंमत अशी, की त्या काळी कापूर युरोपात जायचा तो पूर्वेकडूनच. युक्ती साहेबाची असेल, पण वास मात्र आपल्या बाजूच्या बंदरांतून गेलेला! पुढे १८७३ साली हेन्री सलिव्हन टॉमस या मुलकी अधिकाऱ्याने हिंदुस्थानातल्या गळाच्या मासेमारीवर पुस्तक लिहिलं, तेही आपल्याच किनाऱ्यावर, मंगळुरात छापलं गेलं. 'गळाची हौस साहेबाची' हा समज बहुधा अशाच पुस्तकांमुळे रुजला असावा.

पण त्याच्या साडेसातशे वर्षं आधी कल्याणीच्या चालुक्य राजाने यावर एक अख्खा अध्याय लिहून ठेवला होता. कल्याणी म्हणजे बीदर जिल्ह्यातलं आजचं बसवकल्याण. राजा सोमेश्वर तिसरा, बिरुद 'भूलोकमल्ल'. त्याचा संस्कृत ग्रंथ 'मानसोल्लास', काळ शके १०५१, म्हणजे इ.स. ११२९ च्या सुमाराचा. पाच विंशती, प्रत्येकीत वीस अध्याय, असे शंभर अध्याय. राजकारण, वैद्यक, स्वयंपाक, संगीत, सगळं त्यात आहे. संगीताच्या भागात जुन्या मराठीच्या ओळी सापडतात, म्हणून मराठी भाषेच्या अभ्यासकांनाही हा ग्रंथ जवळचा. त्यातल्या विनोदांच्या विंशतीत 'मत्स्यविनोद' येतो. विनोद म्हणजे इथे करमणूक.

या अध्यायात तीसहून जास्त जातींचे मासे आहेत. समुद्रातले कोणते, नदीतले कोणते, खवल्याचे कोणते, बिनखवल्याचे कोणते, थोराड कोणते, लहान कोणते, अशी वर्गवारी आहे. आमिषाच्या दृष्टीने कळीची गोष्ट ही, की कोणत्या माशाला कोणतं खाद्य हे तिथे वेगवेगळं सांगितलं आहे. धान्य खाणाऱ्याला पिठा-भाताचे गोळे, मांस खाणाऱ्याला मांस. एकच औषध सगळ्या रोगांवर, असा प्रकार नाही.

कल्याणीपासून समुद्र कितीतरी लांब. मग राजाला दर्यातले मासे कसे ठाऊक? माझा तर्क असा: गोव्याचा कदंब राजा दुसरा जयकेशी हा सोमेश्वराचा मेहुणा. विक्रमादित्य सहाव्याची मुलगी मैलळदेवी त्याला दिली होती. गोवा हे तेव्हाचं मोठं बंदर. दर्याची माहिती याच नात्याच्या वाटेने घाट चढून आली असणं शक्य आहे. आमचे मित्र रविवारी उतरतात तो घाट नसेल, पण वाट त्याच दिशेची.

आणि मुळात ही माहिती राजाची नव्हतीच. खारवी, गाबीत, कोळी, भोई यांच्या पूर्वजांसारख्या माणसांनी पाण्यात उभं राहून मिळवलेलं ते ज्ञान. राजाने ते श्लोकात बांधलं, त्यांचं नाव कुठे आलं नाही. पुढे ग्रंथ छापला बडोद्याने. गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत श्रीगोंदेकरांनी संपादिलेले खंड १९२५, १९३९ आणि १९६१ साली निघाले. मत्स्यविनोदावर १९५१ साली सुंदरलाल होरा या प्राणिशास्त्रज्ञांनी लेख लिहिला, तेव्हा कुठे मासे जाणणाऱ्यांचं तिकडे लक्ष गेलं. राजा कानडी मुलखातला, भाषा संस्कृत, ओळी मराठी, छपाई बडोद्याची. हा ग्रंथ कुणाचा, यावर सीमाभागात भांडायचं ठरवलं तर जन्म पुरणार नाही. वाचायला मात्र तो सगळ्यांचा आहे.

आता बाटलीचं काय? माशाचं नाक पाण्यात विरघळलेले पदार्थ टिपतं, त्यातही अमिनो आम्लं. नुसतं तेल पाण्यात विरघळत नाही, वर तरंगतं. म्हणून जुन्या रीतीत वासाचा पदार्थ पिठात नाहीतर मांसात मुरवतात, म्हणजे तो गरीपाशी टिकतो आणि हळूहळू सुटतो. तारलीचा ताजा तुकडा चालतो तो याचमुळे: तेलही तिचं, रसही तिचाच, दोन्ही एकदम पाण्यात उतरतात. शिळ्या, धुतल्यासारख्या पांढऱ्या पडलेल्या सुंगटाला बाटलीतलं तेल कितीही चोपडा, आतला रस कुठून येणार?

तेव्हा मंडळाला एक सुचवणी. पुढच्या खेपेला गोव्यात उतराल तेव्हा बाटलीबरोबर वहीही न्या. किनाऱ्यावरच्या जुन्या गरवणाऱ्यांना विचारा: कोणत्या माशाला कोणतं आमिष, कोणत्या महिन्यात, भरतीला की ओहोटीला, त्यात काय मिसळता, मीठ लावून किती दिवस ठेवता. आणि सांगणाऱ्याची परवानगी घेऊन त्याचं नाव शेजारी लिहा. भूलोकमल्लाकडून तेवढंच राहून गेलं.