गाळाचा हिशेब

कुंभकोणम्‌हून तंजावरच्या वाटेला लागले की थोड्याच अंतरावर दारासुरम् येते. दुसऱ्या राजराज चोळाने बाराव्या शतकात उभारलेले ऐरावतेश्वराचे मंदिर ही या गावाची जगाला ठाऊक असलेली ओळख. २००४ साली ते जागतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झाले. गावाची दुसरी ओळख मागांची. रेशीम विणणारी सौराष्ट्री घराणी येथे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. त्यांच्या घरगुती बोलीचे गुजराती व मराठी या दोहोंशी नाते आहे; त्यामुळे तंजावरच्या भोसल्यांच्या अमदानीत या गावी आलेल्या मराठी माणसाला ती अगदीच परकी वाटली नसेल. त्या काळी या मुलखात कापडाला चढणारा तांबडा रंग चायवेर नावाच्या वनस्पतीच्या मुळ्यांतून निघे आणि निळा नीळीच्या पाल्यातून. भोसल्यांचे राज्य १८५५ साली खालसा झाले. त्याच्या दुसऱ्याच वर्षी लंडनमध्ये विल्यम पर्किन नावाचा अठरा वर्षांचा मुलगा कोयनेल बनवू पाहत होता. कोयनेल साधले नाही. भांड्याच्या तळाशी जी काळी राळ उरली तिच्यातून मात्र जांभळा रंग निघाला. मुळ्या-पाल्यांचे राज्य खालसा होण्यास तेथून आरंभ झाला. आज दारासुरम्‌च्या साडीवर जो रंग दिसतो तोही वंशाने पर्किनच्या भांड्यातलाच आहे.

या वंशाचा मूळपुरुष अॅनिलीन. नायट्रोबेंझीन नावाच्या द्रवात लोखंडाचा कीस आणि थोडे आम्ल घालून उकळले की अॅनिलीन मिळते. ही कृती बेशाँ या फ्रेंच रसायनज्ञाने १८५४ मध्ये दिली आणि पुढे सुमारे शतकभर जगातील कारखान्यांनी ती वापरली. अॅनिलीन तयार झाले, ते पिंपांत भरले, त्याचा रंग झाला आणि तो विकलाही गेला. पण लोखंडाचे काय झाले? ते काळ्या ऑक्साईडचा गाळ होऊन तळाशी बसले. रासायनिक समीकरण मांडून पाहिले तर एक किलो अॅनिलीनमागे सुमारे १.९ किलो कोरडा गाळ निघतो. म्हणजे कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या मालात रंगाच्या द्रव्यापेक्षा टाकाऊ द्रव्यच दुपटीच्या जवळपास! १९२५ च्या सुमारास बायर कंपनीने या गाळाला वळण लावून त्यापासून भिंतींना व लोखंडाला देण्याचे रंग बनविले, ही हुशारीच म्हटली पाहिजे. परंतु असा शहाणपणा विरळा. बहुतेक ठिकाणी गाळ नदीकाठी किंवा पडीक जमिनीत गेला आणि त्याचा हिशेब कोणीच ठेवला नाही.

सेंद्रिय रसायनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांनीही तो ठेवला नव्हता. विद्यार्थ्याला विचारीत ते एवढेच, की उत्पन्न किती टक्के आले. शंभरातले नव्वद आले तर शाबासकी. ते नव्वद मिळविण्यासाठी किती आम्ल ओतले आणि ते आम्ल शेवटी कोठे गेले, हा प्रश्न परीक्षेत नसे. फ्रीडेल आणि क्राफ्ट्स यांची १८७७ ची सुप्रसिद्ध विक्रिया पाहावी. औषधे, अत्तरे, रंग यांपैकी असंख्य पदार्थांची वाट तिच्यावरून जाते. तिच्यात अॅल्युमिनियम क्लोराईड ‘उत्प्रेरक’ म्हणून घालतात. उत्प्रेरक म्हणजे विक्रियेला चालना देऊन स्वतः जसाच्या तसा उरणारा पदार्थ. कीटोन बनविण्याच्या प्रकारात मात्र हा उत्प्रेरक तयार झालेल्या मालालाच मिठी मारून बसतो. मिठी सोडविण्यासाठी सगळे पाण्यात ओतावे लागते, आणि मग उत्प्रेरक कायमचा जातो. उरते आम्लयुक्त पाणी आणि अॅल्युमिनियमचा लगदा. एक किलो अॅसिटोफिनोन हवे असेल तर १.१ किलोहून अधिक अॅल्युमिनियम क्लोराईड असे खर्ची पडते. ज्याला मदतनीस म्हणून बोलाविले तोच पाहुणा घरधन्यापेक्षा अधिक जेवून जावा, तशातला हा प्रकार.

हिंदुस्थानात या विद्येचे मोठे घर मुंबईत उभे राहिले. शहरातील कापडगिरण्यांना रंगकामातले जाणकार हवे होते. १ ऑक्टोबर १९३३ रोजी मुंबई विद्यापीठाने रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग काढला, त्यात वस्त्ररसायन आणि रासायनिक अभियांत्रिकी हेच विषय प्रथम आले. पुढे हा विभाग माटुंग्याला गेला. त्याचे पहिले भारतीय संचालक कृष्णस्वामी वेंकटरामन हे मद्रासचे. मँचेस्टरला रॉबर्ट रॉबिन्सन यांच्या हाताखाली शिकून आलेल्या या गृहस्थांनी कृत्रिम रंगांच्या रसायनावर जो ग्रंथ लिहिला, त्याचे पहिले दोन खंड १९५२ मध्ये निघाले आणि १९७८ पर्यंत त्यांचे आठ झाले. जगभर तो प्रमाण मानला गेला. १९५७ मध्ये ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. रंग कसा बनतो, त्याची रचना कशी ओळखावी, हे त्या पिढीने देशाला शिकविले. गाळाचा प्रश्न त्यांच्यापुढे नव्हता, म्हणून त्यांना दोष देणे अनुचित होय. स्वतंत्र देशाला आधी कारखाने हवे होते.

माटुंग्याच्या याच संस्थेतून कोल्हापूर जिल्ह्यातील अर्जुनवाडा गावचा एक विद्यार्थी १९७४ मध्ये रासायनिक अभियंता होऊन बाहेर पडला. गणपती दादासाहेब यादव हे त्याचे नाव. जन्म १९५२ चा. त्याच वर्षी, म्हणजे १९७४ मध्ये, संसदेने जलप्रदूषणाचा पहिला मोठा कायदा केला, हा केवळ योगायोग. पण पुढच्या कथेच्या दृष्टीने तो लक्षात ठेवावा. कायद्याने कारखान्याच्या नळाच्या तोंडाशी पहारेकरी बसविला. आत भांड्यात काय शिजते, ते कायद्याने विचारले नाही आणि विचारणे त्याला शक्यही नव्हते. ते काम प्रयोगशाळेचे होते.

यादवांचे गुरू प्राध्यापक मनमोहन शर्मा. केंब्रिजमध्ये डँकवर्ट्‌स यांच्याकडे पदवी घेऊन शर्मा १९६४ मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी, माटुंग्याला प्राध्यापक झाले होते. वायू आणि द्रव, किंवा एकमेकांत न मिसळणारे दोन द्रव, यांच्या सीमेवर विक्रिया कशी चालते हा त्यांचा अभ्यासविषय. त्यांच्याच मार्गदर्शनाखाली यादवांनी १९८० मध्ये डॉक्टरेट मिळविली आणि पुढे त्याच संस्थेत ते प्राध्यापक झाले. या शाळेचा संस्कार कोणता, हे नीट समजले पाहिजे. रसायनज्ञ म्हणतो, मिश्रण ढवळा. अभियंता विचारतो, मिनिटाला किती फेऱ्यांनी ढवळू? फेऱ्या वाढविल्यावर वेग वाढतो की नाही? वाढत असेल, तर अडचण विक्रियेत नसून पदार्थ एकमेकांपर्यंत पोहोचण्यात आहे. उत्प्रेरकाचा कण लहान केला तर काय होते? अशा कंटाळवाण्या वाटणाऱ्या प्रश्नांतूनच प्रयोगशाळेतली कृती कारखान्यापर्यंत जाते. ‘हरित’ म्हणविणाऱ्या कित्येक कृती काचेच्या चंबूतच राहून गेल्या, त्या बहुधा हे प्रश्न कोणी न विचारल्यामुळे.

१९८४ च्या डिसेंबरात भोपाळ घडले. हजारो माणसे ज्या मिथिल आयसोसायनेटने मेली, ते कोणाला हवे असलेले द्रव्य नव्हतेच. कीटकनाशक बनविण्याच्या वाटेवरचा तो एक मुक्काम होता आणि त्याला टाळून जाणारी दुसरी वाट रसायनज्ञांना ठाऊक होती. वाट कोणती निवडावी हा प्रश्न केवळ नफ्याचा नव्हे, हे त्या रात्रीने दाखविले. पुढे अमेरिकेत बॅरी ट्रॉस्ट यांनी १९९१ मध्ये अणूंच्या काटकसरीचा विचार मांडला: आत घातलेल्या अणूंपैकी किती मालात उतरले? १९९२ मध्ये रॉजर शेल्डन यांनी साधा, व्यापाऱ्याच्या वहीतला वाटावा असा आकडा सुचविला: एक किलो मालामागे टाकाऊ किती किलो? खनिज तेलाच्या शुद्धीकरणात तो एकदशांशाहूनही कमी, ढोबळ रसायनांत एक ते पाच, सूक्ष्म रसायनांत पाच ते पन्नास आणि औषधांत पंचवीसपासून शंभरापर्यंत किंवा त्याहून वर. ज्या धंद्याची जगात सर्वांत अधिक प्रतिष्ठा, त्याच्याच मागे सर्वांत मोठा ढीग! १९९८ मध्ये अॅनास्टस आणि वॉर्नर यांनी हरित रसायनाची बारा तत्त्वे ग्रंथरूपाने दिली.

माटुंग्याचे काम मात्र तत्त्वांची वाट पाहत थांबले नव्हते. प्रश्न ठरलेला होता: आम्ल तर हवे, पण ते वाहून जाता कामा नये. ते घन रूपात, कणाला चिकटून, एका जागी उभे राहिले तर? विक्रिया झाली की माल गाळून घ्यावा आणि तेच आम्ल पुन्हा वापरावे. शर्मांनी आम्लधर्मी रेझिनांचे मणी यासाठी वापरून पाहिले होते. ते चांगले, परंतु फार उष्णता त्यांना सोसवत नाही. यादव मातीकडे वळले. फ्रान्समधील मोंमोरियाँ या गावावरून नाव पडलेली एक चिकणमाती आहे. आपल्याकडची मुलतानी माती त्याच कुळातली. आम्लाने धुऊन घेतली की तिच्यात असंख्य सूक्ष्म छिद्रे होतात. या छिद्रांत टंगस्टन आणि फॉस्फरस यांचे एक विलक्षण आम्ल बसवावयाचे. त्याच्या प्रत्येक रेणूत फॉस्फरसच्या एका अणूभोवती टंगस्टनचे बारा अणू असतात आणि जोर गंधकाम्लाहून अधिक. अडचण अशी, की पाणी किंवा अल्कोहोल भेटले की हे आम्ल विरघळून मातीतून निसटते. त्याचा सीझियम क्षार केला तर तो विरघळत नाही, पण कण इतके बारीक होतात की गाळता येत नाहीत. यादव व त्यांच्या विद्यार्थ्यांनी मग क्षार बाहेर बनवून मातीत भरण्याऐवजी तो मातीच्या छिद्रांतच जन्माला घातला: आधी सीझियम मुरवून माती तापविली आणि मग वरून आम्ल दिले. आता ते विरघळेना आणि गाळणीतूनही जाईना. दिसावयास युक्ती लहान, पण सगळा प्रश्न तेथेच अडला होता.

झिर्कोनिया या दुसऱ्या घन द्रव्यावरही त्यांनी बरीच वर्षे काम केले. नेहमीपेक्षा पुष्कळ अधिक गंधक त्यावर बसवून जे प्रबळ आम्ल तयार झाले, त्याला संस्थेच्या नावाची आद्याक्षरे घेऊन ‘यूडीकॅट-५’ म्हटले गेले. येथे एक गोष्ट प्रांजळपणे नोंदली पाहिजे. हे स्वच्छ आम्ल बनविताना क्लोरोसल्फॉनिक आम्लासारखे दाहक द्रव्य आणि क्लोरीनयुक्त विद्रावक वापरावे लागतात. उत्प्रेरक शेकडो किलो माल काढून देणार असेल तर हा सौदा फायद्याचा. दोन खेपांत मेला तर तोट्याचा. म्हणून उत्प्रेरक किती वेळा पुन्हा वापरता येतो, हा आकडा अशा संशोधनात मुख्य आकड्याइतकाच वजनदार असतो. मातीच्या छिद्रांतही कालांतराने डांबरासारखा मळ धरतो आणि तो जाळून काढावा लागतो. फुकट काहीच मिळत नाही.

त्यांचे दुसरे काम तीन थरांचे. पाण्यातले द्रव्य आणि तेलातले द्रव्य यांची गाठ घालून देणारे काही क्षार असतात. ते पाण्यातून तेलात ये-जा करून निरोप पोहोचवितात. काम संपल्यावर हा निरोप्या सांडपाण्याबरोबर जातो. मिठाचे प्रमाण आणि विद्रावक नेमके साधले तर तो पाण्यातही राहत नाही आणि तेलातही नाही. दोहोंच्या मध्ये स्वतःचा तिसरा थर करून बसतो. विक्रियेचा वेग त्या मधल्या थरात पुष्कळ वाढतो, आणि वरचा-खालचा थर काढून घेतला तरी मधला तसाच पुढच्या खेपेला तयार. नायट्रो संयुगांच्या क्षपणासाठी, म्हणजे बेशाँच्या लोखंडाच्या किसाच्या जातीच्या कामासाठीही, यादवांनी हा मार्ग तपासला.

शंभराहून अधिक विद्यार्थी त्यांच्या हाताखाली डॉक्टरेट झाले. विभागाची संस्था झाली, २००८ मध्ये संस्थेला विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि २००९ ते २०१९ यादव तिचे कुलगुरू होते. याच काळात, २०१८ मध्ये, भुवनेश्वर व जालना येथे तिच्या शाखा निघाल्या. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

उद्योगाने हे सारे किती स्वीकारले? विलायतेत आयबुप्रोफेन या वेदनाशामकाची जुनी सहा पायऱ्यांची कृती जाऊन तीन पायऱ्यांची आली आणि मालात उतरणाऱ्या अणूंचे प्रमाण ४० टक्क्यांवरून ७७ टक्क्यांवर गेले. १९९२ मध्ये टेक्ससमधला कारखाना तिच्यावर चालू झाला. पण तेथे कारखाना नव्यानेच बांधावयाचा होता. ज्याची भांडी जुन्या कृतीसाठी विकत घेऊन झाली आहेत आणि ज्याच्या सांडपाण्याचा खर्च दुसराच कोणी सोसतो, तो आपली भांडी कशाला मोडील? हा खर्च सोसणारा कोण, ते तमिळनाडूतच दिसले. तिरुप्पूरच्या सुती कापडाच्या रंगशाळांचे पाणी नोय्यल नदीत जाऊन खालच्या शेतांचे नुकसान झाले; शेतकरी न्यायालयात गेले आणि जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने त्या रंगशाळा बंद करण्याचा आदेश दिला. तेथला दोष मुख्यतः रंगविताना वापरलेल्या मिठाचा, रंग बनविण्याचा नव्हे. शेतकऱ्याला मात्र विहिरीचे पाणी खारट झाले एवढेच कळते.

अॅनिलीनचे मोठे कारखाने आता लोखंडाचा कीस वापरीत नाहीत. नायट्रोबेंझीनवर उत्प्रेरकाच्या साहाय्याने हायड्रोजन सोडला की अॅनिलीन मिळते आणि सोबत उरते ते केवळ पाणी, किलोमागे सुमारे चारशे ग्रॅम. १.९ किलो गाळाच्या जागी हे पाणी म्हणजे हिशेब पुरा झाला असे वाटावे. परंतु हा हायड्रोजन येतो कोठून? बव्हंशी नैसर्गिक वायूपासून, आणि तो काढताना कार्बन डायॉक्साईड हवेत जातो. तेव्हा वही आणखी एक पान मागे उलटावी लागते. माटुंग्याला यादव व त्यांचे सहकारी ओएनजीसीच्या ऊर्जा केंद्राबरोबर याच पानावर काम करीत आले आहेत: तांबे आणि क्लोरीन यांच्या संयुगांचे चक्र फिरवून, साडेपाचशे अंशांच्या आसपासच्या उष्णतेवर, पाण्यापासूनच हायड्रोजन काढावयाचा, तांबे आणि क्लोरीन मात्र चक्रातच राहावयाचे.