६१५ ग्रॅमचे बाळ आणि त्याचे आईवडील

गर्भाची पूर्ण वाढ व्हायला सुमारे ४० आठवडे लागतात. २३व्या आठवड्यात फुप्फुसातील वायुकोश उघडे ठेवणारा द्रव पुरेसा तयार झालेला नसतो. १९९० साली अमेरिकेतील ह्यूस्टन येथे अशीच एक मुलगी जन्मली. वजन सुमारे ६१५ ग्रॅम. तिला कृत्रिम उपायांनी जगवू नये, असे आईवडिलांनी आधीच सांगितले होते आणि डॉक्टरांनी ते कागदावर नोंदवलेही होते. तरीही जन्मताच तिच्या श्वासनळीत नळी घालून तिला जगवण्यात आले. पुढे मेंदूत रक्तस्राव झाला आणि मुलगी कायमची परावलंबी झाली.

१९९८ साली ज्यूरीने पालकांना सुमारे ६ कोटी डॉलर भरपाई देऊ केली. वरच्या न्यायालयाने ती रद्द केली. २००३ साली टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयानेही रुग्णालयाचीच बाजू उचलून धरली. बाळाची अवस्था जन्मल्यावरच कळते, आणि तेव्हा संमती घेण्याइतका वेळ नसतो, हा त्यामागचा युक्तिवाद. शास्त्रदृष्ट्या त्याचा पहिला भाग आम्हाला मान्य आहे. दुसरा मात्र पटत नाही, कारण पालकांशी चर्चा झाली ती जन्माच्या कित्येक तास आधी.