तळटीप : मऊ जमिनीवरचा भराव आणि त्याखालचे पाइल

‘भराव जाळीवर उभा राहतो’ हे मूळ मजकुरातले विधान अपुरे आहे. नेदरलँड्समधल्या पीट आणि मऊ चिकणमातीच्या पट्ट्यात रस्ता बांधताना कधी आधी पाइल ठोकतात, त्यांच्या डोक्यांवर जिओग्रिडची जाळी अंथरतात आणि मग भराव घालतात. पाइलांमधली जमीन खचू लागली की भरावाचे कण एकमेकांत अडकून कमान धरतात आणि बराचसा भार परस्पर पाइलवर जातो; कार्ल टर्झागी यांनी १९३६ साली वाळूखालची झडप खाली सरकवून हेच दाखवले होते. जाळीच्या वाट्याला येतो तो उरलासुरला भार, आणि तोही सर्वत्र सारखा नसतो. शेजारच्या दोन पाइलांना जोडणाऱ्या पट्ट्यांवर तो एकवटतो, त्यातही पट्टीच्या मध्यापेक्षा पाइललगत जास्त. सुझान फान एकेलेन यांचे एककेंद्री कमानींचे प्रतिमान मोजमापांत दिसणाऱ्या या वाटणीशी जुळते. २०१६च्या डच मार्गदर्शिकेने ते स्वीकारले.

खालची मातीही थोडा भार उचलते, मग इतकी भक्कम जाळी कशाला, असा आक्षेप निघतो. आधार मिळतो हे खरे. पण भूजल उतरले की पीट आकसते, जाळीखाली पोकळी पडते आणि हिशेबात धरलेला आधार नाहीसा होतो. वाहतुकीच्या हादऱ्यांनी कमान ढिली पडेल ही शंका मात्र रास्त आहे, विशेषतः बुटक्या भरावात. पाइलांमधल्या अंतराच्या मानाने उंची कमी असेल तर कमान पुरती बनतच नाही आणि पाइलांच्या जागी रस्त्यावर उंचवटे उमटतात.