शिर्डीच्या वाटेची तयारी

पूर्वीच्या अहमदनगर, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतील शिर्डीस जाणारा जुना यात्रेकरू कोपरगांव स्टेशनावर उतरे, गोदावरी ओलांडी आणि टांग्यानें पुढची वाट धरी. त्याची सारी तयारी वाटेसाठीं असे.

श्रीसाईबाबांनीं १५ ऑक्टोबर १९१८ रोजीं देह ठेवला. बरोबर चौदा वर्षांनीं, १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं, जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गें मुंबईस जुहूला उतरले. विमानांत टपाल होतें, प्रवासी नव्हता. पुढें समाधिशताब्दीच्या प्रारंभीं, १ ऑक्टोबर २०१७ रोजीं, काकडी येथील शिर्डी विमानतळाचें उद्घाटन झालें.

मधल्या काळांत विमानप्रवासाची रीत पालटली होती. १९७६ मधील विमान-अपहरणानंतर १९७८ सालीं केंद्र सरकारनें विमानसुरक्षेचा कक्ष उभारला. १९८५ सालीं ‘कनिष्क’ विमान स्फोटानें समुद्रांत कोसळून ३२९ जीव गेले. त्यानंतर १९८७ मध्यें त्या कक्षाचें स्वतंत्र खातें झालें. तपासणीची रांग ही अशा प्राणहानींतून आलेली आहे.

म्हणून भाविकानें घरींच सामान नीट लावावें. मूळ ओळखपत्र जवळ असावें आणि तिकिटावरील नांव त्याशीं जुळावें. काडेपेटी नेऊंच नये. पॉवर बँक हातांतील पिशवींत, चाकू-कात्री मोठ्या बॅगेंत ठेवावी. प्रसादाचें सुकें खोबरें मात्र मोठ्या बॅगेंत चालत नाहीं. त्यांतील तेल पेट घेतें. विमान सुटण्यापूर्वीं दोन तास पोहोंचावें. सामान घेण्याची खिडकी बहुधा एक तास आधीं मिटते. इतकें केलें, म्हणजे आपल्या पिशवीपायीं मागच्या वृद्धास तिष्ठावें लागत नाहीं.