पवनचक्की, घाणा आणि जाते : हरवलेल्या दळणयंत्रांचा माग



'पवनचक्की' हा शब्द उच्चारताच आज आपल्या डोळ्यांपुढे गदगजवळच्या कप्पतगुड्डावरील किंवा सातारा जिल्ह्यातील वनकुसवड्याच्या पठारावरील उंच पांढरी पाती उभी राहतात. ती वीज निर्माण करतात. दळत मात्र काहीच नाहीत. शब्दातली 'चक्की' कधीकाळी खरोखरीची होती, वाऱ्यावर फिरून धान्याचे पीठ करणारी. अशा दळणाऱ्या चक्क्या कोठे होत्या, त्या नाहीशा झाल्यावर त्यांचा माग कसा काढतात, आणि त्याच रीतीने आपल्या अळणावरच्या परिसरात काय शोधता येईल, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

ह्या प्रकारचे संशोधन इंग्लंडमध्ये पुष्कळ झाले आहे. इ. स. १०८६ मध्ये विल्यम राजाने करविलेल्या पाहणीत सुमारे सहा हजार पाणचक्क्यांची नोंद आहे. पवनचक्की एकही नाही. यॉर्कशायरमधील वीडली येथील पवनचक्कीच्या खंडाची नोंद ११८५ सालची, म्हणजे मधल्या शंभर वर्षांत हे यंत्र तेथे रुजले. आरंभीच्या चक्क्या लाकडी असत. एका जाड उभ्या खांबावर अख्खी खोली तोललेली असे आणि वारा ज्या दिशेचा, त्या दिशेला मागच्या लांब दांड्याने ती खोलीच फिरवावी लागे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वाफेवर चालणाऱ्या पोलादी रुळांच्या गिरण्या आल्या आणि ह्या चक्क्या ओस पडल्या. आज एखाद्या खेड्यात त्यांचा शोध घेणारा संशोधक प्रथम शेतांची नावे पाहतो. 'मिल हिल', 'मिल फील्ड' असे नाव आढळले की तो त्या जागी जातो, जमिनीत गोल उंचवटा दिसतो काय ते पाहतो, आणि मग जुने नकाशे व वसुलाच्या वह्या उघडतो.

वसुलाच्या वह्यांत चक्की हमखास सापडते, ह्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. चक्की जमीनदाराची किंवा मठाची असे. कुळांनी धान्य तेथेच दळावे आणि त्यातील ठरावीक हिस्सा दळणावळ म्हणून सोडावा, अशी सक्ती असे. घरी हाताने फिरवायचे जाते ठेवणे हा अनेक ठिकाणी गुन्हा ठरे. सेंट ऑल्बन्स येथील मठाधिपतीने १३३१ च्या सुमारास नगरातील लोकांची जाती जप्त केली आणि त्यांचे दगड आपल्या बैठकीच्या फरशीत बसविले. पन्नास वर्षांनी, १३८१ च्या शेतकरी उठावात, लोक मठात शिरले, त्यांनी ती फरशी उखडली आणि दगडांचे तुकडे प्रसादासारखे वाटून घरी नेले. मध्ययुगीन इंग्लंडच्या इतिहासात मला ह्याहून बोलका प्रसंग आढळलेला नाही. जात्यावर कोणाची सत्ता, हा तेथे रक्त सांडण्याइतका महत्त्वाचा प्रश्न होता. म्हणूनच त्याचा कागद राहिला.

आता आपल्याकडे वळू. मराठी मुलखात वाऱ्यावरची चक्की मुळी नव्हतीच असे नाही. मुंबईच्या किल्ल्याला तीन मुख्य दरवाजे होते : अपोलो, चर्च आणि बाजार. पैकी चर्चगेट हे नाव १७१८ साली उघडलेल्या सेंट थॉमस चर्चवरून पडले. पण देशी लोक त्या दरवाज्याला 'पवनचक्की' म्हणत, कारण त्याच्यासमोर एक पवनचक्की होती. गोविंद नारायण माडगांवकरांच्या 'मुंबईचें वर्णन' ह्या १८६३ च्या ग्रंथातही हे नाव आले आहे. साहेबाला देऊळ दिसले आणि लोकांना चक्की दिसली! १८६० नंतरच्या दशकात, बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना, तटबंदी पाडण्यात आली. दरवाजा गेला आणि त्या परिसरात १८६४ साली फ्लोरा फाउंटन उभे राहिले. साहेबाचे नाव रेल्वेने आपल्या स्थानकाला दिले म्हणून ते टिकले. चक्कीचे नाव मात्र जिभेवरचे होते. ते बोलणाऱ्यांबरोबर गेले.

ह्याच्या उलट औरंगाबादची, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरची, पाणचक्की. बाबा शाह मुसाफिर ह्या सुफी सत्पुरुषाच्या दर्ग्याच्या आवारात ती आहे. दूरच्या झऱ्याचे पाणी भूमिगत नळांनी आणून, ते उंचावरून चाकावर पाडून वरचा दगड फिरविण्याची ती योजना अठराव्या शतकात पूर्णत्वास गेली. तेथे फकिरांसाठी व यात्रेकरूंसाठी पीठ निघे. धर्मस्थळाच्या आश्रयामुळे ती वाचली आणि आजही लोक ती पाहावयास जातात.

अळणावरला ह्यांपैकी काहीच नव्हते. ह्याचे कारण आपल्या लोकांचे अज्ञान, असे काही जुने लेखक सुचवीत. मला ते मुळीच पटत नाही. हा मलनाडाच्या कडेचा, झाडीचा आणि भाताचा मुलूख. भाताला दळण नको, कांडण हवे. ते उखळ-मुसळाने होई. वारा जोराचा असतो तो आषाढ-श्रावणात, म्हणजे भर पावसात, आणि धान्य खळ्यावर येते तेव्हा तो पडलेला असतो. पूर्वेकडे काळ्या जमिनीत ज्वारी पिकते, पण ज्वारीचे पीठ शिळे झाले की त्याची विरी जाते आणि भाकरी थापताना फुटते. ज्या घरात रोज पहाटे ताजे पीठ लागते, तेथे महिन्याचे धान्य एकदम दळणारे मोठे यंत्र कोणाच्या कामाचे?

तेलाचा घाणा मात्र मोठे यंत्र होते. उखळासारखे खोड किंवा दगड, त्यात तिरकी फिरणारी लाट आणि झापड बांधलेला बैल. कन्नडमध्ये त्याला 'गाण' म्हणतात व तेल्याला 'गाणिग'. मध्ययुगीन कन्नड शिलालेखांत देवळाच्या नंदादीपासाठी घाण्यामागे अमुक तेल द्यावे अशी दाने वारंवार येतात. तेल मोजून घेता येत होते, म्हणून घाणा दगडावर कोरला गेला. शब्द तर आपल्या लग्नघरातही शिरला आहे; 'घाणा भरणे' हा विधी आजही होतो.

जात्याकडून कोणी काही घेतले नाही, म्हणून जात्याची नोंद कोठेच नाही. धारवाड जिल्ह्याचे गॅझेटिअर १८८४ साली निघाले. त्यात कापसाच्या व्यापाराला मिळाली तितकी जागा घरच्या दळणाला मिळणे शक्यच नव्हते. दांडेलीच्या लाकडासाठी १९१९ साली अळणावरहून निघालेल्या रेल्वेफाट्याचेही कागद आहेत. पण ह्या गावाला शतकानुशतके पीठ पुरविणाऱ्या यंत्राचा कागद नाही. ते यंत्र म्हणजे दोन तळ्या, एक खुंटा आणि पहाटे तीनला उठलेली स्त्री.

तिची साक्ष आहे, पण ती गाण्यात आहे. आपल्या भागात हे गाणे दोन भाषांत झाले : मराठीत ओवी आणि कन्नडमध्ये 'बीसुव' पदे. विजापूर जिल्ह्यातील हलसंगीच्या मंडळींनी अशी कन्नड पदे गोळा करून १९३१ साली 'गरतिय हाडु' हा संग्रह काढला. मराठीत पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवँ ह्यांनी १९८० नंतरच्या काळात एक लाखाहून अधिक ओव्या खेडोपाडीच्या स्त्रियांकडून जमविल्या. ह्या ओव्यांत जाते देव होते, माहेर होते, भाऊ होतो. कष्टाची तक्रारही त्यालाच सांगितली जाते. इंग्लंडच्या वसुलाच्या वहीत दळणाऱ्याचे नाव सापडेल, त्याचे मन सापडणार नाही.

इंजिनावरची पिठाची गिरणी आल्यावर जाते थांबले. गिरणीला नावे ठेवण्याचे मला कारण दिसत नाही. तिने कित्येक स्त्रियांची पहाटेची झोप परत दिली. पण जात्याबरोबर गाणेही थांबले. जुन्या घरांत जात्याच्या तळ्या अजून दिसतात. कोठे मोरीत, कोठे पायरीला लावलेल्या.

विद्यार्थ्यांनी ह्या तळ्यांची यादी करावी, असे मी सुचवितो. तळीचा व्यास, दगडाचा रंग, खुंट्याचे भोक, टाकीच्या खुणा झिजल्या आहेत की ताज्या, आणि त्या घरात दळताना मराठी गात की कन्नड, एवढे लिहून घ्यावे. दगड मोजण्यास मे महिन्याची सुट्टी पुरेल. गाणी लिहून घेण्याचे काम मात्र त्याआधीच सुरू करावे, कारण ज्यांनी स्वतः जाते ओढले त्या बहुतेक आज्या आता ऐंशीच्या पुढे गेल्या आहेत.